धवल्यातलं नाव

रविवार, जानेवारीअखेर. पोशीर.

आगरी महोत्सवातून आत्ताच आले. पाय धुवायच्या आधी हे लिहायला हवं.

स्टेजवर जनाकाकी होती. आमच्या गावची धवलारीण, गावातल्या प्रत्येक लग्नाचे धवले, नवरीचं नाव गुंफून म्हणायची गाणी, तिनेच गायलेली. निवेदक म्हणाला, "काकी, हळदीचा एक होऊन जाऊ दे."

काकी माईकवरच म्हणाली, "नवरी नाय तं नाव कुनाचं घेऊ रं?"

"घ्या की कुठलंही!"

"कुठलंबी? मांजरीचं लगीन हाय काय?"

सगळे हसले.

लहानपणी पेंढ्यावर बसून मी तिच्या मागोमाग धवले म्हणायचे. "तुज्या लग्नात घसा बसंपर्यंत म्हनीन गं," म्हणायची. ते लग्न झालंच नाही. चव्वेचाळीस पूर्ण झाली, आता कोणी विचारतही नाही.

काकीने गर्दीत मला हुडकलं आणि माझंच नाव घालून धवला म्हटला. सगळ्यांसमोर. राग यायला हवा होता का? मी नुसती मान खाली घालून ऐकत राहिले.

खाली उतरल्यावर माझा हात धरून म्हणाली, "म्हनायचं राह्यलं व्हतं गं. आता मी मोकळी."

मी मोकळी झाले का, माहीत नाही. पण वाटभर तोच धवला गुणगुणत आले, माझ्या नावासकट.