डाव्या चाकाची कार्बनची दांडी

रहिमतपूर,
बुधवार, १९ नोव्हेंबर १९९७

प्रिय आमू,

सप्रेम जयभीम. हे पत्र शेजारच्या जोतीरामच्या हाती देतोय. तो उद्याच्या पॅसेंजरनं सांगलीला उतरून थेट तुझ्या होस्टेलवर येईल. तू सोमवारी कॉलेजातून दाखला काढणार असं आईला लिहिलंस, म्हणजे हातात चारच दिवस आहेत आणि पोस्टावर माझा भरवसा नाही. रागानं मधेच घडी घालू नकोस. मोठा असून हात जोडतो, शेवटपर्यंत वाच.

आधी आबांचं सांगतो. पट्टी सुटली. उजवा डोळा गेला तो गेलाच, मिरजेच्या डॉक्टरांनी तसं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. चहा बशीत ओतताना थोडा बाहेर सांडतो, आई फडकं फिरवते. परवापासून ते नानासोंच्या बांधकामावर जायला लागलेत. ओळंबा बघताना गवंडी एक डोळा मिटतोच, माझं तेवढं काम वाचलं, असं चारचौघांत हसून सांगतात. पण वीट लावायला गेले की हात बोटभर अलीकडेच थांबतो, मग चाचपडत पुढं जातो. मी बघितलं आणि तिथून निघून आलो.

ज्या पोरीच्या आकडेमोडीनं बापाचा डोळा गेला तिनं इंजिनिअर होऊ नये, असं तू लिहिलंस. आईला वाचता येत नाही, म्हणून ते वाक्य मलाच मोठ्यानं वाचावं लागलं. मी न अडखळता वाचलं. तेव्हापासून मला माझी शिसारी येते. जेवण जात नाही, कामावर लक्ष नाही.

आपली बग्गी कशी आली आठवतं ना? पाचगणीच्या शाळेत कुणा बड्या घरच्या पोरानं मोडून टाकलेली ती रिमोटची गाडी, तिथल्या भटारखान्यातल्या गुंडामामानं पिशवीत घालून आणली. तू तेव्हा चौदाची. आठवड्यात आपण ती चालती केली आणि तू ती कोंबड्यांच्या मागं सोडलीस, तर आई लाटणं घेऊन तुझ्या मागं. पुढं मी साताऱ्याच्या एमआयडीसीत फिटर झालो, तू डिप्लोमाला गेलीस, पण सुट्टीत बग्गी मधे ठेवून भांडायला दोघंही हजर. सांगलीच्या शर्यतीत नाव दिलंस तेव्हा तर महिनाभर एकच वाद. पुढची चाकं धरणाऱ्या दांड्या प्लास्टिकच्या ठेवायच्या की कार्बन फायबरच्या करायच्या? प्लास्टिक मार खाऊन वाकतं आणि परत सरळ होतं, पण वळणावर चाक डगमगतं. कार्बन हलकं आणि ताठ, जिथं वळवू तिथं वळणार, पण मोडलं तर एका दमात मोडणार. तू सगळं कागदावर मांडलंस, जाडी किती, भोक काठापासून किती आत. कार्बन टिकेल असं उत्तर निघालं. आमच्या साहेबांनी पुण्याहून मला एक तुकडा आणून दिला. एकच.

पुढचं तुला सांगायला नको. तिसऱ्या फेरीत उडीवरून खाली येताना डावी दांडी तुटली आणि तिच्या टोकासकट चाक उडून दोरीपलीकडं उभ्या आबांच्या तोंडावर बसलं. तू रिमोट टाकून धावलीस. दवाखान्याच्या बाकावर तू एकच म्हणत होतीस, माझं गणित चुकलं. मी तुझ्या शेजारीच बसलो होतो आणि गप्प होतो.

आमू, तुझं गणित बरोबर होतं. भोकं मी पाडली होती. जेवणाच्या सुट्टीत, लोखंडाला वापरतो त्याच बोथट ड्रिलनं, खाली लाकडाची फळी न ठेवता. डाव्या दांडीतून ड्रिल पलीकडं निघालं तेव्हा कार्बनचे एकावर एक चिकटवलेले पदर कडेला सुटले. लोखंडात असलं काही झालं की आम्ही भरतो, घासतो आणि पुढं जातो. मीही तेच केलं. चिकटवायचं औषध सोडलं, पॉलिश पेपरनं घासलं, वर काळं बूटपॉलिश फिरवलं. दुसरा तुकडा मागायचा तर राजरत्नला साधं भोक पाडता आलं नाही हे साहेबांना कळलं असतं. शर्यतीच्या सकाळी तू दोन्ही दांड्यांवर नख वाजवलंस आणि म्हणालीस, "दादा, ही डावी बद्द वाजतीया. प्लास्टिकच्याच घालूया." मी सगळ्यांसमोर हसलो. इंजिनिअरीणबाई आता कानानं तपासणार, असं म्हणालो आणि स्वतःच्या हातानं स्क्रू आवळले. तुला बरोबर ऐकू आलं होतं. मला तर दिसलंही होतं.

काल आबांना सगळं सांगितलं. वाटलं, थापी फेकून मारतील. बराच वेळ ते घमेल्यातला माल उगीच कालवत बसले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "मला कशाला सांगतुयास? माझा डोळा काय परत येत न्हाई. तिचं शिक्षाण अजून हाय. तिला लिव." म्हणून लिहितोय. हे पत्र तुझ्या सरांना दाखव, वर्गात मोठ्यानं वाच, माझी लाज राखू नकोस. मला माफ करू नकोस, घरी आलीस तरी माझ्याशी बोलू नकोस. आमू, दाखला काढू नकोस.

तुझाच,
राजरत्नदादा