‘बसू द्या’ नव्हे

शिराळा, ३ फेब्रुवारी १९४६
घटना क्रमाने लिहिते. उद्या कोणी क्रम बदलू नये. प्रथम, ऐतिहासिक बोलपटाचे संवाद मागण्यासाठी दिग्दर्शक नानासाहेब स्वतः सांगलीस माझ्या शाळेत आले. नंतर, मला विचारल्यावाचून एकही शब्द बदलणार नाही असे त्यांनी वचन दिले. (तोंडी. माझी चूक.) त्यानंतर, दुष्काळातून निघून कावेरीकाठी, परक्या मुलखात जमीन शोधणाऱ्या मराठी कुटुंबांची ही कथा मी नऊ वेळा लिहून काढली. आज चित्रीकरणास आरंभ. नायकाचे पागोटे चुकीच्या शतकातले. उतरवायला लावले.

५ फेब्रु.
कथेतल्या कुटुंबांसाठी आटपाडीकडचे मेंढपाळ आणले आहेत, कळपासह. त्यांतल्या सोनाबाई या वृद्धेला मुख्य वाक्य दिले: ‘आम्हांला आपल्या रानात बसू द्या.’ ती म्हणेना.
“आवं बाई, आमी कुठं बसतोय? आमी मेंढरं बसवतो.”
मी तिला व्याकरण सांगू लागले. तिने मला शेती सांगितली. कळप रानात मुक्कामाला बसवला की लेंड्यांनी रान पिकते. म्हणून रानमालकच बोलवायला येतो. मेंढरे बसवणारा मागत नाही, देऊन जातो.
‘बसवू’मधला एक ‘व’ गाळून मी सबंध जमातीला याचक केले. एम.ए., प्रथम वर्ग. हे वाक्य लिहायला फार वेळ लागला.

६ फेब्रु.
दुरुस्ती नानासाहेबांपुढे ठेवली. ते हसले. “बाई, प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी यायला हवं. लेंड्यांनी ते येत नाही.” जोडलेले हात हवेत, थरथरता आवाज हवा. मी म्हटले, पाणी आणण्यासाठी इतिहास खोटा करायचा असेल तर कांदा पुरेल, संवादलेखिका कशाला? तेव्हापासून अबोला.

८ फेब्रु.
प्रसंग चित्रित झाला. घोड्यावर कावेरीकाठचा सरदार; समोर सोनाबाई. तिला जुनेच वाक्य पढवले होते. तिने हात जोडले नाहीत. काठी रोवून म्हणाली, “मेंढरं बसवतो तुज्या रानात. पीक बघ, मग आमाला जा म्हन.”
सरदार आपले भाषण विसरला आणि त्याने नुसती मान डोलावली. इतका चांगला अभिनय त्याने आजवर केलेला नाही.
कच्ची फिल्म मोजकी. पुन्हा घेणे नाही. म्हणून चित्र तिचे ठेवून, स्टुडिओत दुसरीच्या आवाजात ‘बसू द्या’ भरायचे ठरले. सोनाबाईला सांगितले तर म्हणाली, “मग तोंड बी तिचंच लावा की.”

९ फेब्रु.
कळप गेला. मलकापूरचा एक रानमालक बोलवायला आला होता, बैलगाडी घेऊन. नानासाहेबांना मुद्दाम दाखवला. ते भिंग पुसत राहिले.

सांगली, ११ फेब्रु.
आज धाडलेल्या पत्राची नक्कल:
‘सोनाबाईंचे वाक्य त्यांच्याच आवाजात राहील, किंवा माझे नाव पडद्यावर येणार नाही. तिसरा मार्ग काढू नये. आपण तोंडी गोड बोलता, हे मी एकदा अनुभवले आहे. आठ दिवसांत उत्तर द्यावे. लेखी, सहीनिशी.’