उद्यासाहेबांचा कोट

२ मार्च

कोट आला. मार्च उजाडला की येतोच! शिपायाने काउंटरवर टाकला आणि नेहमीचं वाक्य म्हणाला — "साहेबांनी दिलाय. घाई नाही."

राखाडी कोट. डाग एकही नाही, कधीच नसतो. साहेब तो अंगात घालतच नाही, खुर्चीच्या पाठीवर टांगून ठेवतो. आपण धुवायचा, कडक इस्त्री करायची, आतल्या खिशात पाकीट सरकवायचं आणि परत पाठवायचा. दोन दिवसांत सांडपाण्याचा परवाना दारात. पाकिटाशिवाय नुसतं विचारायला गेलं तर — "उद्या या." वर्षभर उद्याच! म्हणून त्याचं नाव उद्यासाहेब.

शहरात आम्ही चौदा लाँड्रीवाले. चौदाही जण हाच कोट धुतो, एकामागून एक. धुऊन धुऊन कोपरं विरलीत. याच्याइतका स्वच्छ कोट शहरात दुसरा नसेल, आणि हात लावला की शिसारी येते.

वर ही तऱ्हा बघा. प्रत्येक लाँड्री कॉलरीखाली आपल्या रंगाच्या धाग्याचा टाका मारते, म्हणजे कपडे अदलाबदल झाले तर कळतं. आमचा लाल. लोक घरी नेऊन तो कापून टाकतात. साहेब कापत नाही! एकाखाली एक तसेच राहू देतो. कोणी धुतला, कोणाचा राहिला, कॉलर उलटली की कळलं. पुढच्या मार्चला सगळे उसवून कोरा कोट परत फिरायला सोडतो.

आज मी घेतला नाही. "मशीन बंद आहे, ने परत." मशीन मागे धडधडत होतं. शिपायालाही ऐकू येत होतं.

आई खुणेच्या टेबलावरून बघत होती. चाळीस वर्षं त्याच स्टुलावर बसून ती टाके मारते आहे. 

४ मार्च

आम्हा लाँड्रीवाल्यांच्या संघाची सभा. पहिल्यांदाच गुप्त मतदान! आजवर अध्यक्ष म्हणजे चहा येईपर्यंत ठरलेला असायचा. या वेळी मीच हट्ट धरला. मतपेटी नव्हती, मग कपड्यांची पिशवी घेतली, तिचं तोंड नाडीने आवळलं. चौदापैकी अकरा मतं मला. मीच अध्यक्ष!

मग ठराव मांडला. कोट कोणी घ्यायचा नाही. साहेबाकडे एकट्याने जायचं नाही. परवाना अडला तर चौदांचाही अडू दे. एकेकट्याला तो खिशात घालतो, चौदा जणांना घालून दाखवावं म्हणावं! सगळे हात वर. घडीकाकांचे तर दोन्ही. सत्तरीचे आहेत, संघात सगळ्यांत जुने, हाताने अशी घडी घालतात की मशीनने लाजावं. म्हणाले, "पोरा, हे मी तीस वर्षांपूर्वी करायला हवं होतं."

चादरवाल्या ताई रडल्या. हॉटेलांच्या चादरी धुतात, एकट्या बाईने उभा केलेला धंदा. "दादा, मागे हटू नका हं."

मी? मी कसला हटतो!

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती मान हलवत होती. मग म्हणाली, "तू भाषणं कर. दुकान मी बघते." किती दिवसांनी वाटलं की पाठीशी कोणी आहे.

६ मार्च

दिवसभर बाहेर. नगर समितीच्या अध्यक्षबाईंना भेटलो. कडक बाई. चौदा सह्यांचा अर्ज दोनदा वाचला. म्हणाल्या, "तोंडी आरोप मी ऐकत नाही. पण शहरातल्या बहुतेक लाँड्र्यांचे परवाने एकाच वेळी अडलेत, हा पुरावा आहे. अठ्ठावीस तारखेला उघड सुनावणी लावते. त्याला सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागेल. मात्र तोवर निम्म्याहून जास्त परवाने निघाले, तर मी सुनावणी कशाच्या जोरावर घेऊ?"

म्हणजे चौदापैकी सात निघाले तरी चालेल. आठ झाले की खेळ संपला. पण आठ कशाला होतील? एकही होणार नाही!

परतलो तर आई बोट चोखत बसलेली. सुई टोचली म्हणे. चाळीस वर्षांत मी तिला सुई टोचलेली पाहिली नाही. "कापड जाड होतं," म्हणाली. चष्म्याचा नंबर बदलायला हवा.

९ मार्च

आज संघात व्याख्यान ठेवलं. कुठल्याशा संस्थेचा वक्ता, बुटांना चकाकी, पडद्यावर चित्रं. 'खासगी व्यवसायांच्या संघटना आणि लोकशाहीचे बळकटीकरण.' दीड तास! व्यावसायिक एकत्र आले तर नियम उघडे होतात, नियम उघडे झाले की लाच मागणाऱ्याला लपायला जागा राहत नाही, मग मतदाराचाही विश्वास वाढतो — सगळं खरं आहे. एक शब्द खोटा नाही. तरी ऐकताना कसंतरीच होत होतं. त्या माणसाने आयुष्यात कधी 'उद्या या' ऐकलेलं नाही.

शेवटी जवळ आला आणि हळूच विचारलं, "माझा सूट परवापर्यंत मिळेल का? तुमच्या ओळखीने जरा आधी?" घ्या!

घडीकाका पोट धरून हसले. आम्ही दोघं कितीतरी वेळ हसत होतो. बरं वाटलं.

११ मार्च

शिपाई आज आपल्या दारावरून गेला. थांबला नाही. घाबरले!

१४ मार्च

चादरवाल्या ताईंचा परवाना निघाला.

विश्वास बसेना. स्वतः जाऊन पाहिला, काउंटरमागे काचेत लावलाय. ज्या बाई माझ्यासमोर डोळे पुसत होत्या त्याच! विचारलं, "ताई, हे काय?" चादर झटकत राहिल्या. मी पुन्हा विचारलं. तर म्हणाल्या, "मला शिकवू नका दादा. निदान तुम्ही तरी नको."

निदान मी तरी नको! का, मी काय केलं? शब्द पाळला हाच गुन्हा? चोर तो चोर, वर आवाज चढवतो. तोंडात थुंकी जमली होती, त्यांच्या पायरीवर टाकली नाही एवढंच.

१५ मार्च

जेवण गेलं नाही. आई म्हणाली, "एवढं मनाला लावून घेऊ नये. त्या बाईच्या हाताखाली नऊ बायका आहेत." आपल्याकडे अकरा आहेत, म्हटलं. तिने पानात भात वाढला आणि उठून गेली.

१७ मार्च

आणखी दोघांचे निघाले. एकाने मला रस्त्यात पाहून पलीकडची बाजू धरली. दुसरा थांबला, हसला, म्हणाला, "अध्यक्षसाहेब, तुमची इस्त्री एकदम कडक बुवा!" बोलण्यात काहीतरी घाण होतं. काय ते कळलं नाही. कळून घ्यायचंही नाही. या माणसांबरोबर एका बाकावर बसायचं म्हणजे अंगाला वास लागतो.

१९ मार्च

एक चांगली बातमी. हॉस्पिटलच्या चादरींचं काम यंदाही आपल्याकडेच! मी धास्तावलो होतो — दरवर्षी ते नव्या परवान्याची प्रत मागतात. या वेळी मला कोणी विचारलंसुद्धा नाही. कागद आईनेच नेऊन दिले. चाळीस वर्षांचं नाव आहे तिचं, शब्दावर काम मिळतं. सरळ वागलं तर अडत नाही, हे त्या सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटतं.

२० मार्च

सहा झाले.

२२ मार्च

घडीकाकांचा निघाला.

हे लिहायला घेतलं आणि पेन खाली ठेवलं. तीनदा.

दुपारी ते स्वतः आले. उन्हातून चालत. आई त्यांना पाहून आत गेली, पाणीही घेऊन आली नाही — तिलाही राग आला असणार. काका बाकावर टेकले. हात मांडीवर. ते हात रिकामे बसलेले मी कधी पाहिले नव्हते.

"मी थांबलो होतो रे," म्हणाले. "शिपाई दोनदा आला, दोनदा परत पाठवला. तिसऱ्यांदा कोट हातात घेतला. नुसता बघायला."

"आणि?"

"बघितला." मग माझ्याकडे वळले. "तुला मला काही सांगायचंय का? सांगायचं असेल तर सांग. मी काही म्हणणार नाही."

मी सांगितलं की! सगळं सांगितलं. तुम्ही वडिलांच्या जागी होतात, तुमच्या तोंडाकडे बघून मी उभा राहिलो, तुमच्या पांढऱ्या केसांची तरी लाज बाळगायची. जिभेला हाड राहिलं नाही. ते ऐकत राहिले. शेवटी उठले, बाकावर माझा एक शर्ट पडला होता, त्याची घडी घातली, ठेवला आणि गेले.

तो शर्ट मी परत मशीनमध्ये टाकला.

२४ मार्च

सात. बरोबर निम्मे. आता एकही नको! उरलेल्या सहा जणांच्या दारी सकाळपासून फिरलो, प्रत्येकाला शपथ घातली. सहाही जण म्हणाले, नाही घेणार. त्यांचे डोळे सरळ होते. विश्वास ठेवतो.

सहा ते आणि सातवा मी. सुनावणी होणार.

२६ मार्च

समितीचं पत्र. 'संबंधित कार्यालयाच्या नोंदीनुसार चौदापैकी आठ परवाने मुदतीत देण्यात आले आहेत. सबब सुनावणी रद्द करण्यात येत आहे.'

आठ!

मी सात मोजलेत. सातही परवाने डोळ्यांनी पाहिलेत. मग आठवा कोण? त्या सहांतला एक. माझ्या डोळ्यांत डोळे घालून खोटं बोलला! बाकीचे सात निदान तोंड लपवून तरी फिरतात. हा राजरोस हसतो आहे आणि परवाना कुठेतरी दडवून ठेवलाय. त्या एकासाठी सगळं धुळीला मिळालं. सातवर थांबलं असतं तर परवा उद्यासाहेब भर सभागृहात घाम पुसत उभा असता.

किळस वाटते. माणसाची, संघाची, त्या पिशवीतल्या चिठ्ठ्यांची. अकरा मतं म्हणे! ज्यांना स्वतःचा हात वर ठेवता येत नाही त्यांच्या मतांचं काय लोणचं घालायचं?

आईला विचारलं, तुला काय वाटतं, कोण असेल? ती धागा ओवत होती. सुईच्या नेढ्यात जाईना. "सोड आता," म्हणाली. "झालं ते झालं."

सोडणार नाही.

२७ मार्च

सुचलं! कोट आहे ना. कॉलरीखाली आठही रंग आहेत. चौदांचे चौदा रंग मला पाठ आहेत, हातसुद्धा ओळखतो — चादरवाल्या ताई तिरका टाका मारतात, घडीकाका आखूड, आई दुहेरी गाठ. एकच गाठ सुटते म्हणे. तिच्यासारखी गाठ शहरात कोणी मारत नाही.

उद्या निषेधाचं पत्र द्यायला त्याच्या खोलीत जातो. एकटं जायचं नाही हा नियम माझाच, पण आता कसला नियम! कॉलर उलटायला किती वेळ लागतो? संध्याकाळी सहाला संघाची सभा बोलावली आहे. निरोप पाठवून नाही, स्वतः प्रत्येकाला फोन केला. उभा राहीन आणि रंग वाचेन. वरून खाली, एकेक, ज्या क्रमाने विकले गेले त्या क्रमाने. पहिला कोण घसरला आणि आठवा कोण लपला, सगळ्या शहराला कळू दे!

घडीकाका म्हणाले, येतो. दुसरं काही नाही.

२८ मार्च

गेलो. उद्यासाहेब मान वर न करता म्हणाला, "तुमचं आता माझ्याकडे काय राहिलंय?" तेवढ्यात त्याला कोणी हाक मारली. तो बाहेर गेला.

कॉलर उलटली. आठ टाके. सगळ्यात खाली पिवळा, आखूड — घडीकाकांचा. त्याच्यावर पाच. त्यांच्यावर ताईंचा हिरवा, तिरका.

त्याच्याही वर, सगळ्यात पहिला, लाल. दुहेरी गाठ.

खालच्या सातही जणांनी आपला टाका मारायच्या आधी तो पाहिला होता.

सभा सहाला. सगळे येतायत. वरून खाली वाचायचं, असं मीच सांगितलंय.