दरपत्रक हुबळीला जाईना

२ जून २००८, सोमवार
लॅपटॉप विकताना दुकानवाला सोमशेखर छातीवर हात मारून सांगत हुता, अक्का, ह्या लॅपटॉपात सिम आतच बसतंय, वायर न्हाय, फोन न्हाय, घरबसल्या कुठंबी फॅक्स. आणि आता? सेंड दाबलं की 'नो डायल टोन'! अरे, वायरच न्हाय तर टोन कुठनं येणार? मी चौथी शिकलेली, मला कळतंय, ह्याला कळंना.

हुबळीच्या हॉस्टेलला महिन्याला हजार कडक भाकऱ्या पायजेत. सहीचं दरपत्रक शनिवारी पाचच्या आत फॅक्सनं. सोमशेखरनं ते स्कॅन करून आत घालून दिलंय. म्हणजे काम झाल्यातच जमा. माझ्याकडं भाकऱ्या थापती त्या धोंडुबाईला सांगून टाकलं, थापायला आणखी दोघी बघ.

३ जून
सिम तीनदा काढलं, पदरानं पुसलं, घातलं. न्हाय. मी घाई करते, एवढंच. उद्या शांत डोक्यानं.

४ जून
शांत डोकं दहा मिनिटं टिकलं. सोमशेखरला फोन. म्हणाला, आत मोडेम दोन हायत, एक वायरीचा, एक सिमचा, तुम्ही वायरीचा धरून बसलाय. दोन ठेवायचेच कशाला? सिमचा धरला. आता 'कॉल फेल'. प्रगती हाय.

५ जून
मोबाईल कंपनीला फोन. पोरगी म्हणाली, तुमचं सिम नुसतं इंटरनेटचं. फॅक्स चालू करायला सहीचा अर्ज लागतो. कुठं देऊ? तर म्हणाली, फॅक्स करा. म्हटलं, बाई, विहिरीत पडलेल्याला दोर आणायला बाजारात धाडतीस व्हय? तिनं फोन ठेवला.

७ जून, शनिवार, दुपारी ४
अर्ज घेऊन गुंडूच्या एसटीडी बूथवर. एका मिनिटात गेला. गुंडू म्हणाला, अक्का, भाकरीचं दरपत्रकबी द्या की, धाडतो. म्हटलं, खुळा हाईस काय? ते लॅपटॉपातनंच जाणार. तो काय पूजेला आणलाय? सेवा आता चालू हुईलच.

६ वाजता
झाली न्हाय. एका तासानं हुबळीवाल्यांचं काय बिघडतंय?

९ जून, सोमवार
सकाळी कंपनीचा फोन. सेवा चालू झाली. पण ह्या मॉडेलच्या मोडेमात फॅक्सच न्हाय म्हणे, नुसतं इंटरनेट.

हुबळीला फोन लावला. काम गडमुडशिंगीच्या भाकरीवाल्या दानेश्वरीला गेलं. तिनं फॅक्स शनिवारी साडेचारला केला. गुंडूच्याच बूथवरनं.

सोमशेखरला कडक चिठ्ठी लिहायला बसले. 'शुक्रवारपातूर जबाब द्या' एवढं झालं आणि दारात धोंडुबाई. मागं त्या दोघी, नव्या. मी म्हटलं, बसा, च्या घ्या. बसल्या न्हाईत. धोंडुबाई म्हणाली, च्या ऱ्हाऊ द्या अक्का. काम हाय का न्हाय ते बुधवारपातूर सांगा, न्हाईतर आमी गडमुडशिंगीची बस धरतो.