बोटभर बिगुलवाल्याचा रंग

प्रिय वन्सं यांना सप्रेम नमस्कार.

गुडघे कसे आहेत? जिना चढू नका म्हटलं की तुम्ही मुद्दाम चढता, म्हणून या वेळी काहीच म्हणत नाही. मी बरी आहे. जेवते, झोपते, वाचते आणि सध्या कोपरापर्यंत रंग माखून घेते.

तुमच्या भावाला टेबलावर लढाई खेळायचं केवढं वेड, ते तुम्हाला ठाऊकच आहे. बोटभर उंचीचे चाळीस सैनिक. त्यांतले एकोणचाळीस रंगवून झाले आणि चाळिसावा, बिगुलवाला, तसाच राहिला. चौघा मित्रांचं ठरलं होतं, आपापल्या फौजेत एकेक सैनिक स्वतःसारखा करायचा. यांनी स्वतःला शेवटी ठेवलं (जेवायला बसतानाही तेच). पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी उरलेले तिघे यांच्या आठवणीसाठी डाव मांडणार आहेत, आणि मी तोऱ्यात सांगून बसले, की बिगुलवाला मी रंगवते.

दुकानात अंगाचा रंग मागितला, तर दुकानदाराने गुलाबी बाटली काढून दिली. त्या रंगाचं अंग मी फक्त उंदराच्या पिल्लांचं पाहिलंय. मग काळा लावला. सैनिक नव्हे, बूट तयार झाला. उजेड दाखवायला त्यात पांढरा मिसळला, तर बिचारा पिठाच्या गिरणीत कामाला असल्यासारखा दिसू लागला. शेवटी पुस्तक आणून वाचलं. काळ्यासावळ्या अंगाला काळा-पांढरा लावायचाच नाही म्हणे. खाली गडद तपकिरी, सावलीत निळसर जांभळा, उजेडात तांबूस पिवळा, तोही पाण्यासारखा पातळ. आणि आधी खरा माणूस नीट बघायचा.

जुने फोटो बाहेर काढून बसले, तर फोटोवाल्यांनी यांना एकूण एक फोटोत उजळ करून ठेवलंय! लग्नाच्या फोटोत मी कुणा भलत्याच्याच शेजारी बसलेय. मग भेटेल त्याचे हात बघत सुटले. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाचा रंग बराचसा जुळत होता, म्हणून टक लावून पाहिलं. त्याने दोनदा साबणाने हात धुतले आणि शेवटी म्हणाला, "ताई, घाण नाही हो ती, माझा रंगच असा आहे." मी म्हटलं, "तोच तर हवाय मला!" तो काम अर्धवट टाकून गेला. नळ अजून गळतोय.

पाच वेळा रंगवला, पाच वेळा पुसला. कपाळ जमतं, गालाच्या हाडावर बिघडतं. हे उन्हातून आले की तिथे एक तांबूस झाक यायची. ती होती एवढं आठवतं, कशी होती ते नाही. अजून वर्षही झालं नाही, वन्सं. इतक्यात विसरायला लागले की काय, असं मनात येतं आणि कुंचला हातातच राहतो.

बाकी घर जागेवर आहे, मीही आहे.

तुमची भावजय

ता. क. तुम्ही दोघं भावंडं एकाच बाटलीतली. डावाच्या आदल्या दिवशी या. खिडकीशी बसा, बाही वर करा आणि तासभर हात पुढे धरा. (उपदेश केलात तरी चालेल, फक्त हात हलवू नका.)

आणखी एक ता. क. पत्र चार दिवस टाकायचं राहिलं. खोटं कशाला लिहू? तेवढ्यात बिगुलवाला जमला. तिघांना दाखवला. एकजण म्हणाला, "पठ्ठ्या पहिल्यांदाच वेळेवर आलाय." तरी तुम्ही या. हात मला तसाही बघायचाच आहे.