एक जादा वॉशर

बाबा, तुमची गाडी मी उघडली. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदाच, माझ्या थाटीपुरच्या क्वार्टरच्या अंगणात, तुमचेच पाने घेऊन. उघडावीच लागली. मागच्या महिन्यात तुमची नात हीच मोटारसायकल चालवताना फूलबागेच्या वळणावर पडली. मागचं चाक एकाएकी जाम झालं आणि ती घसरत दुभाजकापर्यंत गेली. मनगट मोडलं, बाकी वाचली. मी धावतपळत पोचले तर मला म्हणते, "आई, टेन्शन मत ले, टंकीपे एक भी स्क्रॅच नहीं आया." तुमचीच नात, दुसरं काय.

त्या दसऱ्याचं आठवतं तुम्हाला? पाटावर पणजोबांची तलवार, शेजारी झेंडूचा हार घातलेली ही परदेशी क्रूझर, मुरार छावणीतल्या एका रिटायर कर्नलसाहेबांकडून मोठ्या हौसेने घेतलेली. पूजा झाली की जयेंद्रगंजची सगळी मंडळी अंगणात जमायची आणि तुम्ही सगळ्यांसमोर गाडी सुरू करायचात. त्या वर्षी बटण दाबलंत आणि खडाक् आवाज झाला, मग नुसती ठकठक. काका हसून म्हणाले, "दादा, घोडा म्हातारा झाला की आता." सगळे हसले. तुम्ही नाही हसलात. मग रविवारी गाडी उघडलीत आणि मला बॅटरी धरायला बसवलंत. इंजिनाच्या दांड्यावरचा स्प्रिंगांचा भाग मला दाखवलात: हा कॉम्पेन्सेटर, इंजिनाचा प्रत्येक धक्का हा आधी स्वतः खातो आणि मगच साखळीला देतो, आता झिजलाय म्हणून बोंबलतोय. मी अगदी रंगात आले होते आणि तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "जा, चहा टाक." चहा घेऊन आले तर झाकण लागलेलं होतं. गाडी सुरू केलीत, ठकठक बंद. पुढच्या दसऱ्याला काकांकडे बघत विचारलंत, "आहे का आवाज?" मला तुमचा काय अभिमान वाटला होता!

आता मी तेच झाकण काढलं आणि स्प्रिंगांमागे एक जाड वॉशर सापडला. असा वॉशर तिथे नसतोच. कानशीने घासून बसवलाय, तुमच्या कानशीचा हात मी ओळखते. त्याने स्प्रिंगा अशा गच्च दाबल्यात की त्यांना हलताच येऊ नये. हलल्या नाहीत, म्हणून वाजल्या नाहीत. धक्का मात्र मागे गिअरबॉक्सला बसत राहिला आणि शेवटी आतल्या बेअरिंगचा चुरा होऊन चाक जाम झालं. नवा भाग तेव्हा मिळत नव्हता, हे मला मान्य आहे. मग वाजू द्यायची होती, बाबा! कुणी हसलं असतं तर हसलं असतं. तुम्हाला हे कळत नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही, कळत होतं म्हणूनच तर मला चहाला पाठवलंत. छातीत कळ यायची तेव्हाही आईला "गॅस झालाय" म्हणून तुम्ही असंच गप्प केलंत. मी तुमच्यावर इतकी कधीच चिडले नव्हते, आणि चिडून भांडायला तुम्ही समोर नाही. त्या दिवशी वॉशर हातात घेऊन मी अंगणात रडले.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, तुमच्या नातीला तर नाहीच. तिचं प्लास्टर निघालंय. रोज मी ऑफिसातून आले की ती दारातच विचारते, "आई, पार्ट आला क्या?" पार्ट येऊन आठवडा झाला. नवा कॉम्पेन्सेटर बसवला, बेअरिंग बदललं, ती घरी नसताना एक चक्करही मारून आले. गाडी छान चालते, कुठे काही अडत नाही. मी तिला सांगते, अजून नाही आला गं.