बेचाळीस नंबरच्या पेटीची जागा

मी, वय एकाहत्तर, जुन्या काळच्या माणसांची हाडे तपासून त्यांची दुखणी सांगण्यात जन्म घालवलेली बाई, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता, खरे तर हसू आवरत, हे लिहून ठेवते.

घर ह्यांचे. बचत मुलीची. भिंग आणि मऊ ब्रश प्रयोगशाळेला. थोरल्या जावेला काहीही नाही. "हिच्या हाताला मेलेल्यांचा वास येतो," असे ती माझ्याच हातचे पोटभर जेवून म्हणाली होती.

माझा सांगाडाही प्रयोगशाळेला. त्यातला डावा हात जपावा. सहाशे वर्षांपूर्वीच्या एका आजोबांना क्षय होता, हा माझा अंदाज खरा ठरल्याचा फोन आला आणि मी ओल्या फरशीवर गिरकी घेतली. हात ओट्याच्या कडेवर आपटला. कोपराखालच्या दोन हाडांपैकी एकच मोडले. हे माझी निसटलेली चप्पल हातात घेऊन तसेच दवाखान्यात आले. डॉक्टरीणबाईंनी चप्पल पाहिली, ह्यांना बाहेर काढले आणि हळूच विचारले, "आजी, खरं सांगा, घरी कोणी मारतं का?"

मी हसत सुटले. झुरळ दिसले की खुर्चीवर चढणारा माणूस तो! मग हसू एकदम थांबले.

असे एकच हाड मोडलेले दिसले, की आम्हीही म्हणतो, वार अडवायला हात वर केला असणार. तीस वर्षांपूर्वी उत्खननात सापडलेल्या, एक्केचाळीस नंबरच्या पेटीतल्या बाईच्या हातावर मला हेच दिसले. तिच्या शेजारी पुरलेल्या बेचाळीस नंबरच्या पुरुषाला मी नवरा ठरवले, मारकुटा ठरवले, लेख लिहिला, टाळ्या घेतल्या. वर रागाच्या भरात त्याची पेटी तळघरात धाडली. तो निर्दोष होता असे मी म्हणत नाही. मला माहीत नाही. एवढे कबूल करायला मला तीस वर्षे आणि एक ओटा लागला. मला फार लाज वाटते.

माझ्या हाडाला चिठ्ठी बांधावी: 'ही नाचताना पडली.' खाली ह्यांची सही नको, लोक संशय घेतील. शेजारीणबाईंची घ्यावी, त्यांनी खिडकीतून सगळे पाहिले आहे.

हे वाचून ह्यांनी विचारले, "आणि माझी पेटी?"

"माझ्या शेजारीच. गप्प बसा."

शेवटचे कलम. बेचाळीस नंबरची पेटी वर आणून एक्केचाळीसच्या शेजारी ठेवावी. यासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये. मीच आज दुपारी जाते आहे. माझ्या हातात अजून जोर नाही, म्हणून पेटी हे उचलतील.

साक्षीदार: शेजारीणबाई (सही), डॉक्टरीणबाई (सही, माफी मागून)
स्थळ: तोच ओटा
तारीख: प्लास्टर निघाले त्याच्या दुसऱ्या दिवशी